दिघीची दुपार

परवा एका स्मरणिकेत आमच्या ड्रॉइंगच्या सरांविषयी चार ओळी छापून आलेल्या वाचल्या. त्यात त्यांच्याविषयी खरं असं एकही वाक्य नव्हतं. ज्याने लिहिलं त्याने सरांना पाहिलेलं नसावं, आणि पाहिलं असलं तर डोळे मिटून. मी ती स्मरणिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि लिहायला बसले. रागावून लिहू नये म्हणतात. पण राग जाईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर हे कधीच लिहून होणार नाही.

सरांची छत्री बाहेरून चारचौघांसारखी काळी होती. आतून नारंगी. ऑइल पेंटचा डबा आणून त्यांनी ती स्वतः रंगवली होती. रंगाने कापड इतकं कडक झालं होतं, की मिटताना पापड मोडल्यासारखा आवाज यायचा, आणि घडीवर रंग तडकला होता तिथून ती गळायचीही. शिक्षकांच्या खोलीत तिची पुष्कळ चेष्टा व्हायची. मी एकदा विचारलं, की सर, हा खटाटोप कशाला? ते म्हणाले, "बाई, छत्री बाहेरून लोक बघतात. मला आत राहायचं असतं."

मी भूगोल शिकवायचे. शाळा पिंपरीत, कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं येणारी. भोंगा झाला की अर्धा वर्ग खिडकीकडे बघायचा, कारण पहिली पाळी सुटली की कुणाचे तरी वडील सायकलवरून समोरून जायचे. सर आणि मी साधारण एकाच सुमारास त्या शाळेत लागलो. त्यांचं वय तेव्हा तिशीच्या आसपास असेल. उंच, किडकिडीत, शर्टाच्या बाहीवर कायम कसला तरी रंग. चहा समोर आला की आधी कपात बघायचे. "आज चहा रुसलाय," असं म्हणून कधीकधी तसाच परत पाठवायचे. शिपाई वैतागायचा. दूध कमी पडलं की चहा करडा दिसतो, एवढंच त्याचं कारण, पण सर ते तसं सांगायचे नाहीत.

आणि ते हसायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते. मधल्या सुट्टीत त्यांचं हसणं मैदानाच्या पलीकडे ऐकू जायचं. मुख्याध्यापकांनी त्यांना त्यावरून दोनदा तरी समज दिली होती.

त्यांची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्याही तोंडून तोच प्रश्न निघाला, जो सगळ्यांच्या निघायचा. हे काय आहे? सर रागावले नाहीत. माझ्या साडीकडे बोट करून म्हणाले, हा काठ कशाचं चित्र आहे? मी म्हटलं, काठ तो काठ, चित्र कशाचं असणार. "मग जे काठाला माफ आहे ते मला का नाही?" त्यानंतर मी त्यांना तो प्रश्न कधी विचारला नाही. चित्रासमोर नुसती उभी राहायचे आणि बरं वाटतंय की नको वाटतंय, एवढं सांगायचे. त्यांना तेवढं पुरायचं.

त्यांची पद्धत अशी होती. त्यांच्याकडे एक जुना कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी तो गळ्यात अडकवून ते हिंडायचे आणि कुणी ढुंकून बघणार नाही अशा गोष्टींचे फोटो काढायचे. पत्र्यावर चढलेला गंज, भिंतीवर पसरलेली ओल, ट्रकखाली सांडलेलं ऑइल. फोटो अर्थातच काळेपांढरे. मग घरी तो फोटो समोर ठेवून चित्र काढायचे, पण त्या वस्तूचं नाही. ती बघताना जे वाटलं होतं त्याचं. ते म्हणायचे, फोटोत जागा येते, जीव येत नाही. तो रंगाने आणावा लागतो.

कॅमेरा त्यांना कासारवाडीच्या एका फोटो स्टुडिओच्या मालकाने दिला होता. रविवारी सर तिथे फोटो रंगवायचं काम करत. तेव्हा रंगीत फोटो कुणाला परवडायचे नाहीत. काळापांढरा फोटो काढायचा आणि त्यावर बारीक ब्रशने पातळ रंग चढवायचे, अशी रीत होती. नवरीचे ओठ लाल, शालू हिरवा, गाल गुलाबी. सगळ्या नवऱ्या सारख्याच. सर ते निमूट करायचे. एकदा मात्र एका मुलीचा फोटो त्यांच्या हातात आला आणि त्यांना लाल लाववेना. मुलगी रडतारडता उठवून बसवल्यासारखी दिसत होती. सरांनी तिच्या अख्ख्या फोटोवर दिवेलागणीच्या वेळचा असतो तसा जांभळट रंग धरला, शालूला हिरव्याची नुसती झाक, आणि ओठ तसेच सोडले.

मुलीचे वडील फोटो न्यायला आले आणि भडकले. शुभकार्याचा फोटो आहे की दहाव्याचा, असं त्यांनी विचारलं. मालकाने सरांना बोलावलं. सर म्हणाले, तुम्ही तिचा चेहरा बघितलात का? वडिलांचं म्हणणं, चेहरा बघायचं काम तुमचं नाही, रंग लावायचं आहे. शेवटी मालकाने दुसरी प्रत काढून लाल-हिरवी करून दिली आणि सरांना सांगितलं, पुढच्या रविवारपासून तू निगेटिव्ह धुवायचं काम कर. दिवाळीला ती मुलगी माहेरी आली तेव्हा एकटी स्टुडिओत आली आणि म्हणाली, तो दुसरा फोटो असला तर द्या. मालकाने कपाटातून काढून दिला. तिने तो पदराखाली धरून नेला. मालकानेच सरांना हे सांगितलं, पण ब्रश काही त्यांना परत दिला नाही. मला ते ऐकून संताप आला. सर म्हणाले, "लाल मला आवडतो, बाई. पण तो लावायचा की नाही हे तिला कुणी विचारलंच नाही."

सर बौद्ध होते. हे मी आत्तापर्यंत सांगितलं नाही, कारण आत्तापर्यंत त्याची गरज नव्हती. पुढे ते सांगितल्याशिवाय काही कळणार नाही, याचंच मला दुःख आहे. त्यांचे वडील लातूरकडून येऊन इथे रबराच्या कारखान्यात लागले आणि नोकरीत असतानाच वारले. सर आणि त्यांची आई रेल्वे लाइनजवळच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचे. शाळेत पहिल्या वर्षी कुणाला हे माहीत नव्हतं. तेव्हा त्यांच्या चित्रांना सगळे 'मॉडर्न' म्हणायचे आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाही, असं कौतुकाने सांगायचे. मग बोलता बोलता कुणीतरी गाव विचारलं, वस्ती विचारली, आणि ते माहीत झालं. काल ज्यांना काही कळत नव्हतं त्यांना एकदम सगळं कळायला लागलं. लाल रंग दिसला की क्रांती, काळा दिसला की अन्याय. निळ्याचं तर विचारूच नका. संस्कृतचे शिक्षक डोळे मिचकावून म्हणायचे, सरांचा निळा वेगळा असतो. सर म्हणायचे, तुमच्या शाईचा आहे तोच आहे.

एका मंगळवारी शाळेला कसली तरी सुट्टी होती. सर सायकलने दिघीला गेले. तिकडे लष्कराच्या हद्दीला लागून मोठा माळ होता. तिथे ते बसले, बरोबर आणलेली भाकरी खाल्ली, आणि दुपारभर काहीच केलं नाही. त्यांनीच मला नंतर सांगितलं. काही घडलं नाही, कुणी भेटलं नाही, कसली बातमी नव्हती. पण त्यांना इतका आनंद झाला, की ते एकटेच मोठ्याने हसायला लागले. जवळ एक बाई शेळ्या चारत होती. ती घाबरून शेळ्या घेऊन लांब गेली. ते बघून त्यांना आणखी हसू आलं. त्यांनी माळाचा एक फोटो काढला. फोटोत गवत, वर आभाळ, दुसरं काही नाही. मला तो दाखवून म्हणाले, बघा, आनंद आलाच नाही यात.

तो त्यांनी रंगाने आणला. दाराएवढं उभं चित्र होतं. सगळं निळं, पण एका जातीचं नाही. खाली धुतलेल्या धोतराला नीळ द्यावी तसं फिकट, वर जाता जाता दाट, आणि एका बाजूला जराशी पिवळी बोटं पुसल्यासारखी. मी त्यासमोर उभी राहिले तेव्हा मला पायांतल्या चपला काढून ठेवाव्याशा वाटल्या. सरांना तसं सांगितलं तर ते केवढे खूष झाले. चित्राचं नाव त्यांनी ठेवलं, 'दिघी, दुपार'.

तेव्हा इथल्या काही कंपन्यांनी मिळून एक कलामंडळ काढलं होतं. त्याचं प्रदर्शन दरवर्षी चिंचवडच्या एका सभागृहात भरायचं. मंडळाचे सचिव एका मोठ्या कंपनीचे प्रसिद्धी अधिकारी होते. खादीचा झब्बा, हळू बोलणं, आपण सुधारक आहोत याची पूर्ण खात्री. आमच्या संस्थेचे अध्यक्षही मंडळावर होते. सरांनी ते चित्र आणि त्याबरोबर माळाचा तो फोटो पाठवला. दोन्ही शेजारी लावा, असं कळवलं. निवड झाली. सर आईला आणि मला उद्घाटनाला घेऊन गेले. आईने इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं.

सभागृहात शिरल्यावर समोरच्याच भिंतीवर चित्र होतं. सगळ्यांत चांगली जागा. खाली पाटी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दलितांचा आक्रोश'. फोटो कुठेच नव्हता. तो मागच्या टेबलावर हारतुऱ्यांच्या परडीखाली सापडला.

सर सचिवांकडे गेले. मी बरोबर होते, त्यामुळे पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सरांनी सांगितलं, की पाटी चुकून दुसरी लागली. सचिव म्हणाले, चुकून नाही, समितीने विचार करून हे नाव दिलंय. 'दिघी, दुपार' वाचून लोक पुढे निघून जातील. फोटोमुळे अर्थ बिघडत होता म्हणून तो काढला. आम्ही तुमच्या चित्राला न्याय दिला आहे.

सर म्हणाले, "पण मी त्या दिवशी आनंदात होतो."

सचिवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तसं तुम्हाला वाटतं. आतली वेदना कलावंताला स्वतःला कळत नसते."

तो खांद्यावरचा हात मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. शिवी दिली असती तर उलट उत्तर देता आलं असतं.

तेवढ्यात पाहुणे आले. दिवा लागला, हार झाले. पाहुणे आमच्या सरांच्या चित्रासमोर मान खाली घालून उभे राहिले आणि मग भाषणात शतकांच्या वेदनेबद्दल बोलले. ते चांगलं बोलले. वेदना खोटी होती असं नाही, ती सरांच्या घरातही पुष्कळ होती. पण ती या चित्रात नव्हती. सर मागे उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं, "साहेब, तो आक्रोश नाही. मी त्या दिवशी खूष होतो." लोक हसले. पाहुणे म्हणाले, हा कलावंताचा विनय आहे. टाळ्या पडल्या.

सर भिंतीपाशी गेले आणि चित्र खाली उतरवायला लागले. सचिव धावले. प्रदर्शन संपेपर्यंत चित्र हलवता येत नाही, असा नियम त्यांनी सांगितला. सर म्हणाले, मग पाटी काढा. सचिव म्हणाले, पाटी समितीने ठरवलेली आहे.

"मग पाटी राहू द्या. चित्र मी नेतो."

आणि तसंच झालं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही बाहेर पडलो. पाटी मात्र भिंतीवर तशीच राहिली. पुढे कळलं, की प्रदर्शन संपेपर्यंत ती होती आणि लोक रिकाम्या भिंतीसमोर उभे राहून ती वाचत होते.

मुंबई-पुणे रस्त्याने आम्ही चालत आलो. शेजारून ट्रक गेला की चित्र शिडासारखं फुगायचं आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला ढकलले जायचो. आई मागून येत होती. तिने एकदाही विचारलं नाही, की हे तू काय केलंस. चाळीत पोहोचलो तर प्रदर्शनासाठी लावलेल्या चौकटीमुळे चित्र दारातून आत जाईना, म्हणून बोळात भिंतीला टेकवलं. बातमी आमच्या आधी पोहोचली होती. वस्तीतली तरणी पोरं जमली. त्यांतला एक कंपनीत लागलेला, वस्तीतल्या तरुण मंडळाचं काम करणारा. त्याला सरांचा अभिमान होता. आमच्या दादाचं चित्र पहिल्या भिंतीवर लागलंय, असं त्याने सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्याचा चेहरा पडला होता.

"दादा, तुला लाज वाटती का आपली?" तो म्हणाला. "निळा आपला हाय. त्यांनी तसं लिवलं तर बिघडलं काय?"

सभागृहात जे झालं त्याने सर हलले नव्हते. या प्रश्नाने हलले. एरवी ते माझ्यासमोर शाळेतल्यासारखं बोलायचे, त्या दिवशी घरातल्या बोलीत बोलले.

"आपलाच हाय. म्हणून तर. आपल्या रंगात मला हसायला बी येऊ दे की."

तो मुलगा चित्राकडे बघत राहिला. पटलं की नाही मला माहीत नाही. पण मग त्याने दाराची एक फळी बिजागरीतून काढली, चित्र तिरकं केलं आणि सरांबरोबर आत नेलं.

शाळेत पुढचं सगळं अगदी सभ्यपणे झालं. संस्थेचे अध्यक्ष दुखावले होते. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. त्याने सरांना बोलावून सांगितलं, एका ओळीत लिहून द्या, की भावनेच्या भरात हे घडलं, मी अध्यक्षांना समजावतो. सर म्हणाले, भावनेच्या भरात मी चित्र काढलं होतं. उतरवलं ते शांतपणे. ते काही लिहून देईनात. मग शिक्षकांची सभा झाली. मी उभी राहिले आणि म्हटलं, की दुसऱ्याच्या मुलाचं बारसं आईबापांना न विचारता आपण केलं असतं, तर त्यांनी पाळणा उचलून नेलाच असता. नंतर संस्कृतचे शिक्षक मला म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण सरांनी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं, त्यांच्या समाजाचं चांगलंच म्हटलं होतं ना. त्याचं उत्तर मला आता सुचतं. चांगलं म्हणायच्या आधी खरं म्हणावं लागतं.

सरांची बदली संस्थेच्या चाकणच्या शाखेत झाली. तिथे ड्रॉइंगचा तासच नव्हता. त्यांना शारीरिक शिक्षण दिलं. ज्या माणसाला साधी उठाबशी काढताना कुणी पाहिलं नव्हतं तो गळ्यात शिट्टी अडकवून रोज एसटीने चाकणला जाऊ लागला. मला वाटलं, माणूस मोडेल. मोडले नाहीत. कांद्याच्या बाजाराचे, ओल्या पोत्यांचे, मैदानात उडणाऱ्या धुळीचे फोटो काढत राहिले आणि रविवारी रंगवत राहिले. कबड्डीचा त्यांचा संघही बरा तयार झाला. पण त्या शाखेतल्या मुलांना इतक्या वर्षांत कधी ड्रॉइंगचा तास मिळाला नाही. शिकवणारा माणूस समोर शिट्टी वाजवत उभा होता, आणि तरीही.

पुढे काही वर्षांनी, ऐंशी साल उलटल्यावर, त्यांच्या एका चित्राला राज्यपातळीवरचं बक्षीस मिळालं. लगेच त्याच कलामंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. सचिव तेच, केस तेवढे पिकलेले. सरांनी निरोप पाठवला, त्या दिवशी चाकणला मुलांचा सामना आहे, येता येणार नाही. मग मंडळाने आईला बोलावलं. सर आईला म्हणाले, तुला जावंसं वाटत असलं तर जा. तिला वाटत होतं. माझ्या लेकराचं नाव घेणार हायेत, तर ऐकून येते, असं ती मला म्हणाली. मी तिच्याबरोबर गेले.

सचिवांनी मोठं भाषण केलं. तीच वेदना, तोच आक्रोश, आता सगळ्या महाराष्ट्राने ऐकला, असं ते म्हणाले. मागे चित्र खाली उतरवलं होतं त्याचा उल्लेखसुद्धा त्यांनी केला. तो कलावंताचा विद्रोह होता म्हणे. मग शाल, नारळ, आणि आईला दोन शब्द बोलायची विनंती. ती माइकसमोर आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. माइक दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली,

"माजं लेकरू ल्हानपणापासनं लई हसायचं. आता बी हसतंय. तेवडं ध्यानात ठिवा."

मला वाटलं, पोहोचलं. एवढ्या वर्षांनी एकदाचं पोहोचलं. सचिवांनी हलकेच तिच्या हातातून माइक घेतला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "आई म्हणताहेत, की जन्मभराचं दुःख त्यांच्या मुलाने हसण्यामागे लपवलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काही बायका डोळे पुसत होत्या.

"मी तसं न्हाई म्हनलं," आई म्हणाली. माइक तिच्याकडे नव्हता. मी पुढच्याच रांगेत होते म्हणून मला ऐकू आलं. मी उठून ओरडले, त्या तसं म्हणाल्या नाहीत. दोन-तीन लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

संध्याकाळी मी आईला घरी सोडायला गेले. सर नुकतेच चाकणहून आले होते, गळ्यात शिट्टी तशीच. मी रागारागाने त्यांना सगळं सांगितलं, भाषण, माइक, टाळ्या, सगळं. ते ऐकत होते. सचिवांचं ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग भिंतीला टेकून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई चुलीपाशी बसली होती. तीही हसायला लागली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, काय झालं.

मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.